बंदीच्या दिवसांतला युरोप

गुणवंती भाटकरच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, म्हणून मुंबईच्या व्हिसा ऑफिसात तिला चार वेळा हात धुऊन यायला सांगितलं. पाचव्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्ही काम काय करता?"

"मासळी विकते."

"मग बरोबर आहे," ती मुलगी म्हणाली आणि कुणालातरी बोलवायला आत गेली. पंचवीस वर्षं बर्फात हात घालून आणि खवले काढून गुणवंतीच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. तासाभरानं कसेबसे ठसे घेतले गेले. शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा बसून होता. त्याचे ठसे पहिल्याच झटक्यात उमटले होते.

गुणवंती आमच्या नाचणे रोडच्या सोसायटीत दर बुधवारी आणि रविवारी येते. पहाटे मिरकरवाडा बंदरावर लिलाव झाला की पाटी भरायची, रिक्षात ठेवायची आणि साडेआठला आमच्या पायरीवर. तिला काही विचारावं लागत नाही. कुणाच्या घरी पाहुणे आहेत, कुणाला काटा चालत नाही, कुणाचं श्रावण कधी सुटतं, सगळं तिला पाठ. बंदरावरही म्हणे लिलावाच्या वेळी ती नुसती भुवई वर करते आणि बोली तिथंच थांबते. इतकी ठाम बाई मी दुसरी पाहिलेली नाही. म्हणूनच ऑगस्टमध्ये ती पायरीवर बसून म्हणाली, "वैनी, माझं काय झालंय ते माझं मलाच कळत नाय," तेव्हा मी चहा ठेवला आणि समोर बसले. तिनं जे सांगितलं ते तीन-चार खेपांत, मासे साफ करता करता. ते असं.

तिचं लग्न झालं ते दोन हजार सालच्या मे महिन्यात. नवरा खंडू भाटकर खारवी घरातला असूनही समुद्रावर गेला नाही. त्याला होडी लागायची. महिन्याभरातच तो मुंबईला गेला, मस्जिद बंदरला एका गुजराती व्यापाऱ्याच्या कापडाच्या गोदामात लागला आणि चोवीस वर्षं तिथंच राहिला. झोपायला गोदामाचाच पोटमाळा होता. शिमग्याला आठ दिवस, गणपतीला दहा दिवस, मध्ये कुणाचं लग्न किंवा मर्तिक. वर्षाला महिनाभर धरला तरी दोघांचा संसार दोन वर्षांचाच झाला. तेवढ्यात ऋत्विक आणि आरोही झाले, सासू गेली, घराला स्लॅब पडला. हे सगळं गुणवंतीनं पाहिलं आणि फोनवर सांगितलं.

गेल्या दिवाळीत गोदाम भिवंडीला हललं आणि खंडू कायमचे घरी आले. तेव्हापासून घरात काहीतरी बिघडलं. भांडण नव्हतं, पण बसायची जागा, आंघोळीची वेळ, टीव्हीचा आवाज, काहीच जमेना. ते टॉवेलसुद्धा कापडाच्या गठ्ठ्यासारखे घड्या घालून ठेवायचे. गुणवंतीला हाताशी हवा तो टॉवेल मिळायचा नाही.

ऋत्विक मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. त्यानं आणि नर्सिंग शिकणाऱ्या आरोहीनं मिळून आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं ठरवलं. एका यात्रा कंपनीबरोबर आठ दिवस, तीन शहरं. बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग. जूनमध्ये मासेमारीला बंदी असते, म्हणजे धंदाही बुडणार नाही.

"तुम्ही दोघंच," आरोही म्हणाली.

"दोघंच काय करू तिथं?" गुणवंतीनं विचारलं. हा प्रश्न तिनं अगदी खरा विचारला होता. लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेले होते तेव्हासुद्धा बरोबर नऊ माणसं होती.

पहिला घोटाळा विमानातच झाला. हवाई सुंदरीनं दोन ताटल्या आणल्या. गुणवंतीच्या ताटलीत कोंबडी होती. खंडूंच्या ताटलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती आणि आत कोबीची भाजी, भात नि काकडीचे तुकडे.

"अवो, चुकून घासफूस दिलान तुम्हाला. थांबा, मी सांगते तिला."

"राहू दे," खंडू म्हणाले.

"राहू दे काय? माझी ताटली घ्या."

"राहू दे म्हटलं ना." आणि ते खाली बघून काकडी खाऊ लागले.

बुडापेस्टला उतरल्यावर टूरच्या बाई, श्रद्धा त्यांचं नाव, पिवळा रुमाल बांधलेली काठी उंच धरून उभ्या होत्या. बत्तीस माणसांचा ग्रुप. निम्मी मराठी, निम्मी गुजराती. संध्याकाळी नदीच्या काठच्या हॉटेलात जेवण होतं आणि बशीत मासा होता, पांढरा, काट्याविना, वर लिंबाची फोड. गुणवंतीनं बोटानं दाबून पाहिला. गोड्या पाण्यातला, ताजा नव्हता पण वाईटही नव्हता. तेवढ्यात श्रद्धाबाई यादी घेऊन टेबलाजवळ आल्या.

"खंडूकाका, तुमचं जैन जेवण पलीकडच्या टेबलावर आहे हां."

गुणवंतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुणाचं जैन?"

"काकांचं. फॉर्ममध्ये तसंच लिहिलंय."

खंडू उठले. पलीकडे चार गुजराती कुटुंबं बसली होती. त्यांनी सरकून जागा केली, "आवो खंडूभाई," म्हणाले, आणि खंडू त्यांच्याशी गुजरातीत बोलायला लागले. नुसते बोलले नाहीत. त्यांनी काहीतरी गंमत सांगितली आणि आख्खं टेबल हसलं. खंडूही डोकं मागे टाकून हसले. गुणवंती मासा पुढ्यात घेऊन तिथूनच बघत राहिली.

"वैनी, ह्यांना तसं हसताना मी कधी बघितलंच नव्हतं. दात बघितले मी त्यांचे पयल्यांदा."

नऊ वाजत आले तरी बाहेर उजेडच होता. तिनं घरून देवाची छोटी तसबीर नेली होती. हात जोडून दिवेलागणीचं म्हणायचं, तर दिवे लागायची वेळच होईना. ती खोलीच्या खिडकीशी उभी राहिली. खंडू आले तशी तिनं विचारलं.

"तुम्ही मासे खात नाय?"

खंडू पलंगाच्या कडेला बसले. "नाही."

"कधीपासून?"

"ते माझं मलाच नक्की सांगता येणार नाही. शेठ जैन, गोदामात मच्छी आणू द्यायचे नाहीत. जेवण त्यांच्याच रसोड्यात. पहिली दोन-तीन वर्षं जीव जायचा माशासाठी. मग कधीतरी सुटलं. नंतर वासही नको व्हायला लागला."

"आणि घरी? गणपती गेले की दुसऱ्या दिवशी मी सुरमई ठेवायची राखून. शिमग्याला पापलेट. खात होतात ना?"

"खात होतो."

"कसे?"

"तू समोर बसून बघायचीस," खंडू म्हणाले. "म्हणून खायचो."

हे मला सांगताना तिनं सुरी बाजूला ठेवली. बंदरावरचा सगळ्यात चांगला नग ती ह्या माणसासाठी बाजूला काढायची. गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी द्यायची नाही. "त्यो नग कुणाच्या पोटात गेला म्हणायचा, सांगा तुम्ही." आणि त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. फॉर्म भरला होता आरोहीनं. म्हणजे पोरीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाला जाताना बसमध्ये ती त्यांच्या शेजारी बसली, पण बोलायला विषय सापडेना. मुलांबद्दल बोलून झालं. ऋत्विकचं जहाज कुठं असेल, आरोहीची परीक्षा कधी. मग संपलं. खिडकीबाहेर एकसारखी हिरवी शेतं, माणूस औषधाला नाही. राजवाडा पाहिला, बागा पाहिल्या. श्रद्धाबाई माहिती सांगायच्या, गुणवंतीच्या डोक्यात काही शिरायचं नाही. ती नवऱ्याकडे बघत राहायची. हा माणूस चहा बिनसाखरेचा पितो. हा माणूस तिकिटाच्या यंत्रासमोर उभा राहून इंग्रजी वाचतो आणि बटण दाबतो. हा माणूस म्हाताऱ्या गुजराती बाईची पिशवी न सांगता उचलतो. दर तासाला काहीतरी नवीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शहरातल्या एका मोठ्या बाजाराशी सोडलं. तासभर मोकळं फिरा, अकराला ह्याच कोपऱ्यावर या, असं सांगितलं. चीज, ऑलिव्ह, मसाले, फळं, लांबच लांब दुकानांच्या दोन ओळी. गुणवंती एका दुकानातल्या सुकवलेल्या टोमॅटोंकडे बघत उभी होती. वळून पाहते तर खंडू नाहीत.

तिला वाटलं पुढं गेले असतील. पुढं गेली. नाहीत. मग गर्दीत पिवळा रुमाल दिसला, काठीला बांधलेला, आणि तिला हायसं वाटलं. ती त्याच्या मागं चालू लागली. रस्ता ओलांडला, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. चर्चसारख्या एका इमारतीसमोर सगळे थांबले आणि काठी धरलेला माणूस वळला, तर तो भलताच कुणी गोरा म्हातारा आणि भोवती कोरियाची का जपानची माणसं. ती गुणवंतीकडे बघून हसली. एका बाईनं तिच्या नऊवारीचा फोटो काढला.

परदेशात चालणारं सिम फक्त खंडूंच्या फोनमध्ये होतं. हॉटेलचं नाव तिला आठवेना. पासपोर्ट श्रद्धाबाईंकडे. येताना रस्ता ओलांडला होता तो एक की दोन, तेही कळेना. सगळ्या इमारती सारख्याच, सगळ्यांना सारख्याच खिडक्या.

"वैनी, समुद्रात वादळ आलं तरी मी किनाऱ्यावर उभी ऱ्हाते होडीवरल्या बापयांची वाट बघत. पण तिथं कुणाकडं बघू?"

ती तिथं किती वेळ उभी राहिली तिला सांगता आलं नाही. मग वारा फिरला असावा. तिला वास आला. मासळीचा, बर्फाचा, ओल्या लाकडी खोक्यांचा. ती त्या वासाच्या मागं चालू लागली. एका कोपऱ्यावर वास हरवला तेव्हा मागं फिरली, दुसऱ्या गल्लीत शिरली, आणि पाच मिनिटांत परत त्याच बाजारात आली. पण मघाशी बघितला नव्हता त्या टोकाला. तिथं मासळीचं दुकान होतं. काचेत बर्फावर नीट मांडलेले मासे आणि मागं रबरी एप्रन घातलेली जाडजूड बाई.

गुणवंती त्या काचेसमोर जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. आपण हरवल्याचं त्या बाईला सांगायला तिच्याकडं भाषा नव्हती. बाईनं एक मासा उचलून दाखवला, घेणार का? गुणवंतीनं आपले दोन्ही हात पुढं केले, बोटांवरचे जुने व्रण दाखवले आणि सुरीनं कापल्याची खूण केली. बाईनं क्षणभर पाहिलं, मग स्वतःचा डावा अंगठा वर करून दाखवला. त्याच्यावरही एक आडवा व्रण होता. तिनं मागचं स्टूल ओढून बाहेर आणून दिलं. गुणवंती बसली आणि तिला रडू फुटलं.

पाऊण तासानं खंडू धापा टाकत आले. शर्ट भिजलेला, हातात पाण्याची बाटली. त्यांनी बाजाराच्या सगळ्या ओळी दोनदा पालथ्या घातल्या होत्या, श्रद्धाबाई पोलिसाला शोधायला गेल्या होत्या, आणि शेवटी कुणालातरी 'फिश, फिश' असं विचारत ते इकडं धावले होते.

"कुठं गेलीस तू? सांगितलं होतं ना, इथंच थांब म्हणून!"

"कुणी सांगितलं?"

"मी! पाण्याची बाटली आणतो, हलू नकोस, असं सांगून गेलो."

"नाय सांगितलंत. न सांगता गेलात. परवा माशावरून बोलले म्हणून राग काढलात."

"देवाशपथ सांगितलं! तुझ्या कानाशी उभा राहून सांगितलं."

मासळीवाली बाई एकदा खंडूंकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. गुणवंती बोलायची थांबली. मग हळूच म्हणाली, "कुठल्या कानाशी?"

"कुठल्या म्हणजे?"

"ह्या बाजूला होतात की ह्या?"

खंडूंनी आठवून तिच्या डावीकडं बोट दाखवलं.

"त्या कानानं मला ऐकू येत नाय," गुणवंती म्हणाली. "सहा वर्षं झाली. ताप आला, कान फुटला, मग गेला तो गेलाच."

खंडूंनी बाटली तिच्या हातात दिली. सहा वर्षं. फोन ती उजव्या कानाला लावायची, त्यामुळे त्यांना कधी कळलंच नव्हतं. तीही बोलली नव्हती. साडेतीनशे किलोमीटरवरच्या माणसाला कान गेल्याचं सांगून तो काय करणार होता?

"मी घरी आल्यापासून," खंडू म्हणाले, "स्वयंपाकघरात तुझ्याशी बोलायचो. तू उत्तरच द्यायची नाहीस."

चुलीच्या कट्ट्याशी उभं राहिलं की दार तिच्या डावीकडं येतं. खंडू त्याच दारात उभे राहायचे.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पिवळा रुमाल घेऊन श्रद्धाबाई येताना दिसल्या, ह्या खेपेला खऱ्या.

मला वाटलं होतं, गोष्ट इथं संपली. मी तसं म्हटलंही, "चला, गैरसमज तरी दूर झाला." गुणवंतीनं मान हलवली. "त्याच्यापुढं तर जास्तच झालं."

प्रागला शेवटच्या सकाळी ग्रुप खरेदीला गेला आणि ही दोघं जुन्या दगडी पुलावर बसली. खंडू आता तिच्या उजवीकडं. नदीत हंस फिरत होते. त्यांनी खिशातून फोन काढला, परत ठेवला आणि म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. शेठच्या मुलाशी बोललोय. भिवंडीच्या गोदामात माणूस हवाय. जुलैमध्ये येतो म्हणून सांगितलंय मी."

"राहायला?"

"राहायलाच. घरात मी अडगळ झालोय असं वाटायचं. तू बोलत नव्हतीस, आरोही कॉलेजात. मी त्या कट्ट्यावर बसून काय करू?"

इथं सांगता सांगता समोरच्या परातीतलं पाणी तिनं उगीचच बदललं.

"वैनी, खोटं कशाला बोलू. त्यांनी जाणार म्हणून सांगितलं ना, तर मला पयल्यांदा बरं वाटलं. मोकळं वाटलं. टॉवेल जागेवर ऱ्हातील, असं आलं मनात. आणि त्याच्या पुढच्याच घटकेला जाऊ नयेत असं वाटलं नि मी त्यांचा हात पकडला. पुलावर, सगळ्यांसमोर. एकाच माणसाबद्दल दोन्ही कसं वाटतं?"

हात धरून तिनं त्यांना एवढंच सांगितलं, "जायचं तर जावा. पण माझ्यामुळं जाऊ नका." खंडू म्हणाले, "मग कुणामुळं जाऊ?" आणि दोघंही तिथं घोटाळ्यात बसून राहिली, बस यायची वेळ होईपर्यंत. दुपारी हॉटेलात ग्रुपनं केक आणला. पंचवीस वर्षं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुजराती बायका म्हणाल्या, "खंडूभाई, भाभीसाठी दोन शब्द बोला." खंडू उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही एकमेकांना फार ओळखत नाही." लोकांना वाटलं विनोद आहे. खूप हसले. गुणवंतीलाही हसू आलं, पण ते कशाचं होतं ते तिला सांगता येत नाही.

परत आल्यावर मिरकरवाड्यातल्या बायका विचारायला आल्या, युरोप कसा होता. राजवाडा बुडापेस्टला की व्हिएन्नाला, पूल कुठल्या गावातला, ह्यात तिचा गोंधळ व्हायचा. फोटो दाखवताना आरोही दुरुस्त करायची. आरोहीशी ती दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तू कशाला लपवलंस?" आरोही म्हणाली, "बाबांनी शपथ घातली होती. आणि तू कानाचं त्यांच्यापासून लपवायला मला शपथ घातलीच होतीस ना?"

खंडू जुलैमध्ये भिवंडीला गेले नाहीत. कायमचं नको म्हणाले का, तर तेही नाही. शेठच्या मुलाला त्यांनी गणपतीनंतर बघू असं कळवलंय. तिचा कान त्यांनीच डॉक्टरांना दाखवला. पडद्याला भोक आहे, शस्त्रक्रिया करता येईल, पूर्ण ऐकू येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिनं अजून हो म्हटलेलं नाही.

बंदी उठली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होड्या भरून आल्या. सवयीनं तिनं एक सुरमई बाजूला काढली आणि मग हातात धरून उभी राहिली. शेवटी ती सुरमई आमच्याकडं आली. आता घरी दोन चुली चालल्यासारखंच आहे. गुणवंती आणि आरोही माशाची आमटी नि भात खातात, खंडू स्वतःची कढी-खिचडी स्वतः करून घेतात. कढीत ते गूळ घालतात आणि वाटीभर तिलाही देतात. ती कढी आपल्या घशाखाली उतरत नाही, असं गुणवंती म्हणते.

"मग खाऊ नकोस," मी म्हटलं.

"समोर बसून बघतात ना," गुणवंती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या बिल्डिंगकडे वळली.